एमएसनंतर अमेरिकेतली सर्जिकल क्रिटिकल केअर फेलोशिप: संशोधन कधी करायचं, प्रशिक्षण किती मिळतं?

घाटावरचा_सर्जन यांचा प्रश्न

नमस्कार. जनरल सर्जरीत एमएस, शेवटचं वर्ष, महाराष्ट्रातलं सरकारी कॉलेज. परीक्षेनंतर एक वर्षाचा बाँड (सक्तीची सरकारी सेवा) आहे. अमेरिकेच्या परवाना परीक्षेतल्या स्टेप वन आणि स्टेप टू सीके झाल्या आहेत, परदेशी डॉक्टरांची पात्रता प्रमाणित करणाऱ्या ईसीएफएमजीची कागदपत्रं चालू आहेत. पुढे ट्रॉमा आणि आयसीयू यांतच राहायचं आहे, म्हणून अमेरिकेतल्या सर्जिकल क्रिटिकल केअर फेलोशिपचा विचार पक्का केला आहे.

अडलंय ते असं. भारतातल्या एमएसवर थेट फेलोशिप मिळते का? संशोधनाचं वर्ष आधी करावं की फेलोशिपमध्येच ते उरकता येतं? टी-32 नावाचं अनुदान असतं असं ऐकलं, ते आपल्याला मिळतं का? आणि त्या 12 महिन्यांत हाताला नेमकं काय लागतं? इथे बसून आत्तापासून करण्यासारखं काही असेल तर तेही सांगा. आमच्याकडे संशोधन म्हणजे थिसिस, आणि थिसिस जमा झाला की तो कपाटात जातो. तसं परत करायचं नाही.

---

एसआयसीयू_डेस्क

डॉक्टर, आधी पात्रतेचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

फेलोशिप 12 महिन्यांची, मान्यता एसीजीएमई या तिथल्या वैद्यकीय प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेची. नेहमीचा नियम असा की उमेदवाराने तिथल्या मान्यताप्राप्त शल्य रेसिडेन्सीत (पदव्युत्तर प्रशिक्षणात) किमान तीन वर्षं क्लिनिकल काम केलेलं हवं. आपली एमएस त्यात धरत नाहीत. बाहेरच्या असामान्य गुणवत्तेच्या उमेदवारासाठी अपवादाची वाट आहे. त्यात प्रोग्रॅम डायरेक्टर आणि निवड समिती तुमचं आधीचं प्रशिक्षण तपासून मान्य करतात, मग संस्थेची पदव्युत्तर शिक्षणाची (जीएमई) समिती तो निर्णय बघते, ईसीएफएमजी प्रमाणपत्र लागतंच, आणि रुजू झाल्यावर 12 आठवड्यांच्या आत तुमच्या कामाचं मूल्यमापन होतं. हा अपवाद वापरायचा की नाही हे त्या प्रोग्रॅमच्या हातात. म्हणून सगळीकडे अर्ज टाकून पैसे घालवू नका. आधी प्रत्येक प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला दोन ओळींची मेल करा: एसीजीएमईबाहेरची रेसिडेन्सी झालेला उमेदवार घेता का, आणि व्हिसा जे-1 (प्रशिक्षणाचा) की एच-1बी (नोकरीचा)? उत्तर बहुधा आठवड्याभरात येतं आणि यादी निम्म्याहून लहान होते.

आता खरी अडचण. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी क्रिटिकल केअरचं प्रमाणपत्र अशांनाच देतं ज्यांच्याकडे सर्जरीचं मूळ प्रमाणपत्र आहे, आणि ते मूळ प्रमाणपत्र तिथली रेसिडेन्सी केल्याशिवाय मिळत नाही. अपवादाने फेलोशिप पूर्ण केलीत तर शिक्षण मिळेल, दाखला मिळेल, पण बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही. परत येऊन इथे ट्रॉमा-आयसीयू उभं करायचं असेल तर हे चालतं. तिथेच सर्जन म्हणून राहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते, आणि मग तुमची आजची आखणी पूर्ण बदलते. हे आत्ताच, घरच्यांशी बोलून ठरवा.

अर्ज साफास या सामायिक सेवेतून, निवड एनआरएमपी या संस्थेच्या मॅचमधून (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून). या शाखेत दरवर्षी काही जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे मॅचनंतरही कोऑर्डिनेटरना विचारायला हरकत नाही. जोडीला दोन वर्षांची अक्यूट केअर सर्जरी फेलोशिपही असते, ती एएएसटी या संस्थेच्या मान्यतेची. त्यातलं एक वर्ष हेच क्रिटिकल केअर, दुसरं मुख्यतः ट्रॉमा आणि इमर्जन्सी सर्जरीच्या ऑपरेशन्सचं.

व्हिसाचं थोडक्यात: क्लिनिकल जे-1 ईसीएफएमजीमार्फत होतो. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड (देशाला या प्रशिक्षणाची गरज असल्याचं पत्र) लागतं आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. एच-1बीला स्टेप थ्री आधी हवी. स्टेटमेंट ऑफ नीडचा अर्ज मॅच झाल्या झाल्या करा. नाव, जन्मतारीख, पदवीचं नाव यांत पासपोर्टशी एका अक्षराचा फरक पडला तरी कागद परत येतो.

---

आकडेमोड

संशोधनाबद्दल लिहितो. वरच्या उत्तरात पुरेसं आलं नाही आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच.

टी-32 विसरा. एनआयएच या अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेच्या या प्रशिक्षण अनुदानाला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम निवास लागतो. तिच्याच के-08 आणि के-23 या अनुदानांनाही तीच अट. परदेशी उमेदवाराला खुलं आहे ते के-99/आर-00, पण ते पोस्टडॉक म्हणून काही काळ काम झालेल्यांसाठी. त्यामुळे तुमच्यासाठी पगारी संशोधनाचा मार्ग म्हणजे एखाद्या विभागाच्या स्वतःच्या निधीतून मिळणारी रिसर्च फेलोची जागा, साधारणपणे विद्यापीठाच्या जे-1 रिसर्च स्कॉलर व्हिसावर. त्यात रुग्णावर उपचार करता येत नाहीत. ती जागा घेण्याआधी लेखी विचारा: पगार किती आणि कुठल्या निधीतून, आयआरबीची (तिथल्या एथिक्स कमिटीची) मान्यता असलेला कुठला प्रकल्प आज चालू आहे, आधीच्या दोन फेलोंचे किती पेपर छापले आणि त्यात त्यांचं नाव कितवं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर ती जागा सोडलेली बरी.

आता फेलोशिपच्या वर्षाचं गणित. 12 महिन्यांत तुम्ही रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेली चाचणी) करू शकत नाही, आणि हे आकडेमोडीनेच दिसतं. समजा मृत्यूदर 20 टक्क्यांवरून 15 वर येईल असं गृहीत धरलं, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) 0.05, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) 80 टक्के. प्रत्येक गटात सुमारे 900 रुग्ण लागतात, म्हणजे एकूण 1,800. एका एसआयसीयूत (सर्जिकल आयसीयूत) वर्षभरात हे होत नाही. म्हणून ‘मृत्यूदरावर परिणाम’ असं शीर्षक मनात आलं की ते लगेच सोडा.

गुणवत्ता-सुधार प्रकल्पातही हाच सापळा असतो. 20 खाटांचं युनिट घ्या, रोज साधारण 12 रुग्णांना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी). महिन्याला 360 लाइन-दिवस होतात. संसर्गाचा दर हजार लाइन-दिवसांना 1 असेल तर तीन महिन्यांत एखादा संसर्ग दिसेल. तुम्ही काहीही सुधारलंत तरी वर्षभरात तो फरक आकड्यांत दिसणार नाही. त्याऐवजी प्रक्रिया मोजा: लाइनची गरज संपली असं राऊंडमध्ये ठरल्यापासून ती निघेपर्यंत किती तास गेले? ही नोंद काढलेल्या प्रत्येक लाइनमागे मिळते. रन चार्टवर (काळानुसार आकड्यांच्या आलेखावर) आधीच्या 12 आठवड्यांची मध्यरेषा काढा, मग बदल करा आणि पुढचे बिंदू रेषेच्या एकाच बाजूला सलग पडतात का ते बघा. असा प्रकल्प वर्षात संपतो, सादर होतो, आणि युनिटच्या कामालाही येतो.

तिसरा आणि तुमच्यासाठी सर्वात योग्य मार्ग म्हणजे खुला डेटा. एमआयएमआयसी-4 हा बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाच्या आयसीयूंचा डेटा फिजिओनेट या संकेतस्थळावर मोफत मिळतो. भारतात बसून, आजपासून. क्रम असा: फिजिओनेटवर खातं उघडा, सिटी या ऑनलाइन संशोधन-नीती प्रशिक्षणातला ‘डेटा ऑर स्पेसिमेन्स ओन्ली रिसर्च’ हा कोर्स करा, त्यात संलग्न संस्था म्हणून एमआयटी अफिलिएट्स निवडलंत तर पैसे लागत नाहीत. मग कम्प्लीशन रिपोर्ट अपलोड करा. बरेच जण इथे सर्टिफिकेट चढवतात आणि अर्ज फेटाळला जातो. त्यांना प्रत्येक मॉड्यूलचे गुण दाखवणारा रिपोर्ट हवा असतो. संदर्भ म्हणून तुमच्या गाइडचं नाव द्या आणि त्यांना आधी सांगून ठेवा, कारण त्यांना मेल जाते. शेवटी डेटा वापराच्या करारावर सही. या करारानुसार डेटाच्या ओळी मित्राला किंवा कुठल्याही ऑनलाइन एआय चॅटला पाठवता येत नाहीत.

डेटा उघडल्यावर कुठे अडखळाल ते आधीच सांगतो. आयसीयू मुक्कामांच्या तक्त्यात ‘ट्रॉमा एसआयसीयू’ आणि ‘सर्जिकल इंटेन्सिव्ह केअर युनिट’ अशी वेगळी नावं आहेत, दोन्ही घ्या. एकाच रुग्णाचे अनेक प्रवेश आणि एका प्रवेशात अनेक आयसीयू मुक्काम असतात. पहिला मुक्काम निवडला नाहीत तर तोच माणूस तीनदा मोजला जातो. निदानं आयसीडी-9 आणि आयसीडी-10 (आजारांच्या कोड-यादीच्या दोन आवृत्त्या) अशी मिसळलेली आहेत. आवृत्तीचा स्तंभ न बघता कोड शोधलात तर ऑक्टोबर 2015च्या आधीचे किंवा नंतरचे रुग्ण गळतात. तारखा प्रत्येक रुग्णासाठी वेगवेगळ्या सरकवलेल्या आहेत, दोन घटनांमधलं अंतर बरोबर असतं पण सन खरा नसतो, फक्त तीन वर्षांचा गट कळतो. म्हणून ‘अमुक मार्गदर्शक तत्त्वं आल्याच्या आधी आणि नंतर’ असा अभ्यास यात जमत नाही. आणि 89 च्या वरच्या सगळ्यांचं वय 91 लिहिलेलं दिसेल, ते सरासरीत घालू नका.

एक चूक मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण सर्जनच्या मनात पहिला विषय हाच येतो: लवकर ट्रेकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासनलिकेत नळी) केली तर फायदा होतो का? समजा सात दिवसांच्या आत ती ‘लवकर’, नंतर ती ‘उशिरा’. उशिराच्या गटातला प्रत्येक रुग्ण किमान आठव्या दिवसापर्यंत जगलेलाच असतो, नाहीतर तो त्या गटात आलाच नसता. ट्रेकिओस्टॉमी न होता पाचव्या दिवशी गेलेला रुग्ण कुठल्याच गटात नाही. म्हणजे उशिराच्या गटाला जगण्याचे आठ दिवस फुकट मिळाले. उलट आयसीयूतले दिवस मोजलेत तर लवकरच्या गटाचा मुक्काम आपोआप कमी दिसतो, कारण उशिराच्या गटात आठ दिवसांपेक्षा कमी मुक्काम असूच शकत नाही. दोन्ही निष्कर्ष ट्रेकिओस्टॉमीचे नाहीत, गट पाडण्याच्या पद्धतीचे आहेत. उपाय दोन: सातव्या दिवशी जिवंत आणि व्हेंटिलेटरवर असलेलेच रुग्ण घेऊन तिथून पुढे मोजणं, किंवा ट्रेकिओस्टॉमीला कालानुसार बदलणारा घटक मानून कॉक्स मॉडेल (जगण्याच्या काळाचं सांख्यिकी गणित) बसवणं. तरीही हा रुग्ण वाचणार नाही असं वाटलं म्हणून ज्याला ट्रेकिओस्टॉमी केलीच नाही त्याचा प्रश्न उरतोच. तो मर्यादांमध्ये प्रामाणिकपणे लिहा. मुलाखतीत एवढं नीट समजावून सांगता आलं तर समोरच्याला कळतं की काम तुम्ही स्वतः केलंय.

---

रक्तपेढी_ते_रिसस

आकडेमोड यांनी लिहिलं ते बरोबर, फक्त एक भर घालतो. स्वतःची ट्रायल करता येत नाही, पण चालू असलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये काम करायला मिळणं हे या वर्षाचं मोठं धन आहे. प्रोग्रॅम निवडताना हे जरूर विचारा.

‘प्रॉपर’ नावाची ट्रायल बघा, 2015 मध्ये छापून आली. 12 लेव्हल-वन (सर्वोच्च दर्जाची) ट्रॉमा केंद्रं, 680 रुग्ण, प्लाझ्मा-प्लेटलेट-लाल पेशी 1:1:1 की 1:1:2 हा प्रश्न. 24 तासांच्या आणि 30 दिवसांच्या मृत्यूदरात लक्षणीय फरक आला नाही. पहिल्या 24 तासांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू मात्र 1:1:1 मध्ये 9.2 विरुद्ध 1:1:2 मध्ये 14.6 टक्के. एवढं सगळे वाचतात. पण ट्रायल उभी राहिली ती पेट्यांवर. 1:1:1 च्या पेटीत 6 प्लाझ्मा, प्लेटलेटचा एक डोस आणि 6 लाल पेशी. 1:1:2 च्या पहिल्या पेटीत 3 प्लाझ्मा, 6 लाल पेशी आणि प्लेटलेट नाहीत, त्या दुसऱ्या पेटीत. बोलावल्यापासून 10 मिनिटांत पेटी खाटेशी हवी. 10 मिनिटांत वितळलेला प्लाझ्मा द्यायचा तर तो आधीच वितळवून ठेवावा लागतो, म्हणजे रोज किती वाया जाईल हे रक्तपेढीशी बसून ठरवावं लागतं. फेलो हे जवळून बघतो, आणि इथे परत येऊन मॅसिव्ह ट्रान्सफ्यूजन प्रोटोकॉल (मोठ्या रक्तस्रावात भरपूर रक्त झटपट देण्याची ठरलेली पद्धत) बसवताना नेमकं हेच लागतं.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे संमतीशिवाय नोंदणी. रक्त वाहतंय, नातेवाईक नाहीत, वेळ मिनिटांत. तिथे यासाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद आहे. आधी त्या भागातल्या लोकांशी सल्लामसलत, जाहीर माहिती, नको असेल त्याने नाकारण्याची सोय, आणि नंतर रुग्ण किंवा नातेवाइकांना शक्य तितक्या लवकर कळवणं. रात्री दोन वाजता एखाद्या मुलाच्या आईला ‘तुमच्या मुलाला अभ्यासात घेतलं आहे’ हे कसं सांगायचं, ते पुस्तकात नाही. ट्रायलच्या नर्सबरोबर उभं राहून ऐका.

क्लिनिकल बाजू. तुम्ही मुख्यतः आयसीयूचे डॉक्टर असता, ऑपरेशन्स कमी. यामुळे काही जण निराश होतात, म्हणून आधीच सांगतो. व्हेंटिलेटर, शॉक, डायलिसिस, पोषण, ब्रॉन्कोस्कोपी, खाटेवरची ट्रेकिओस्टॉमी, इकमो (शरीराबाहेरून रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) असलेल्या ठिकाणी इकमो. एसीजीएमईला निवडक 25 रुग्णांची एक नोंद द्यावी लागते: व्हेंटिलेशन, रक्तस्राव, अस्थिर रक्ताभिसरण, अवयव निकामी होणं, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, लाइन व मॉनिटरिंग, पोषण या गटांत तुम्ही काय केलंत हे दाखवणारी. ती महिन्याच्या महिन्याला भरा. शेवटच्या महिन्यात आठवून भरलेल्या नोंदीत सगळे रुग्ण व्हेंटिलेटर आणि शॉकचेच निघतात, पोषणाचा एकही सापडत नाही.

---

घाटावरचा_सर्जन

सगळ्यांचे मनापासून आभार. परत येण्याचाच विचार आहे, त्यामुळे बोर्ड परीक्षेची अडचण चालेल. दोन गोष्टी राहिल्या. बाँड बहुधा जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात असेल. तिथे एमआयएमआयसीशिवाय स्वतःचं काही उभं करता येईल का? आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) त्या वर्षात शिकता येतो का?

---

रक्तपेढी_ते_रिसस

इकोचं आधी. नॅशनल बोर्ड ऑफ इकोकार्डिओग्राफीची क्रिटिकल केअर इकोची स्वतंत्र परीक्षा 2019 पासून आहे. प्रमाणपत्रासाठी स्वतः केलेले आणि स्वतः वाचलेले 150 पूर्ण अभ्यास लागतात. ‘पूर्ण’ हा शब्द लक्षात ठेवा, नुसता सबकॉस्टल (फासळ्यांखालून) व्ह्यू घेऊन आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी मोठी शीर) बघितलं तर ते मोजत नाहीत. 12 महिन्यांत 150 म्हणजे आठवड्याला तीन, तेही पहिल्या आठवड्यापासून. प्रत्येक अभ्यास साठवला जातो का आणि वरिष्ठ कुणी तो तपासतं का, हे मुलाखतीत विचारा. साठवण नसेल तर तुमचे 150 कुणी मान्य करणार नाही. पूर्ण प्रमाणपत्राला तिथलं बोर्ड प्रमाणपत्रही लागतं. नुसती परीक्षा पास झालात तर टेस्टामुर म्हणवता येतं, परत येणाऱ्याला तेवढं पुरतं.

---

आकडेमोड

बाँडच्या वर्षासाठी ट्रॉमा रजिस्ट्री (जखमी रुग्णांची ठरावीक रकान्यांची नोंद). आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण आहे: टिटको. 2013 ते 2015 या काळात मुंबईचं सायन आणि केईएम, दिल्लीचं जेपीएन एपेक्स ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम इथल्या सुमारे 16,000 रुग्णांची नोंद झाली आणि त्यावर बरेच पेपर आले. ते वाचा, त्यांचे रकाने बघा आणि तुमच्या रुग्णालयासाठी त्यातले 20 निवडा. जास्त घेतलेत तर तिसऱ्या आठवड्यात कुणी भरत नाही.

नोंदीत काय बिघडतं ते ठरलेलं आहे. श्वासाचा दर कुणी मोजत नाही, सगळ्या केसपेपरवर 18 किंवा 20 असतो. रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअर (जखमीची गंभीरता सांगणारा आकडा) त्यावर उभा आहे, म्हणजे स्कोअरच खोटा. घड्याळ लावून 30 सेकंद मोजायला लावा, तेही जमणार नसेल तर तो रकाना काढून टाका. जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) बेरीज म्हणून नको, डोळे, बोलणं, हालचाल असे तीन आकडे वेगळे घ्या. नळी घातलेल्या रुग्णाला 3 लिहिण्याची सवय असते, तिथे बोलण्याच्या रकान्यात ‘नळी’ असा वेगळा पर्याय ठेवा. अपघाताची वेळ नेहमी पूर्ण किंवा अर्ध्या तासाला पडते. ती ‘अंदाजे’ आहे हे नोंदवा.

आणि सगळ्यात मोठं भगदाड: नातेवाईक स्वतःहून घेऊन गेले, किंवा मोठ्या रुग्णालयात रेफर केलं. त्यांचं पुढे काय झालं हे माहीत नसेल आणि त्यांना ‘जिवंत डिस्चार्ज’ मध्ये धरलंत, तर तुमच्या रुग्णालयाचा मृत्यूदर उगाच चांगला दिसेल. प्रवेशाच्या वेळी दोन फोन नंबर घ्या, एक रुग्णाच्या घरचा आणि एक आणणाऱ्याचा. 30 व्या दिवशी फोन करा. वॉर्डातल्या एका सिस्टरना हे काम आणि त्यासाठी यादी द्या, आणि पेपरमध्ये त्यांचं नाव घाला.

मान्यता आधी, नोंद नंतर. तुमच्या मूळ कॉलेजची एथिक्स कमिटी जिल्हा रुग्णालयासाठी चालेल का हे लेखी विचारून ठेवा. निरीक्षणाचा अभ्यास असेल तर सोपं आहे. काही बदल करून बघणार असाल, उदाहरणार्थ ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) किती मिनिटांत मिळतं ते सुधारायला रुग्णांचे गट पाडून, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या भारताच्या ट्रायल नोंदणीवर नोंदणी करा. 1 एप्रिल 2018 पासून ते मागाहून नोंदणी घेत नाहीत, आणि नोंदणी नसलेली ट्रायल चांगलं नियतकालिक छापत नाही. थिसिसही जर हस्तक्षेपाचा असेल तर त्याची नोंदणी झाली आहे का ते आजच बघा.

---

एसआयसीयू_डेस्क

परत यायचंच असेल तर देशातला मार्गही तोलून बघा. दिल्लीच्या एम्समध्ये ट्रॉमा सर्जरी अँड क्रिटिकल केअर अशी तीन वर्षांची एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) आहे, प्रवेश आयएनआय-एसएस या प्रवेशपरीक्षेतून, आणि ती एमएस जनरल सर्जरीवरच मिळते. डीएम क्रिटिकल केअरच्या पात्र शाखांत ॲनेस्थेशिया, मेडिसिन वगैरे आहेत, जनरल सर्जरी नाही, म्हणून तिकडे वेळ घालवू नका.

दोन्ही करता येतात. एमसीएच आधी आणि मग अपवादाने तिकडचं एक वर्ष, असा क्रम असेल तर ‘असामान्य उमेदवार’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे तीन वर्षांचं ट्रॉमा काम असेल. फक्त बाँडचा कालावधी, आयएनआय-एसएसचं वेळापत्रक आणि साफासची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. एमसीएचमध्ये जागा घेऊन मध्येच सोडली तर दंड भरावा लागू शकतो, तेव्हा प्रवेशाच्या माहितीपत्रकातलं ते पान सही करण्याआधी वाचा.